म्हातारीला ब्रेक नव्हते

त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. एरवी खाणीवर त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणायचे. नवा ड्रायव्हर आला की मॅनेजर त्याला याच्याच शेजारी बसवायचा, आणि हा पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत एकच जप करायचा, “सावकाश… अरे बाबा, सावकाश.” तेच नाव पडलं. गवई म्हणून एक ड्रायव्हर होता. गळा बरा होता म्हणून नव्हे, स्टिअरिंगवर बसला की बेसूर आवाजात गायला सुरुवात करायचा म्हणून गवई. तो म्हणायचा, “सावकाशच्या मागे गाडी लागली तर माणसाने दाढी करून घ्यावी, चहा पिऊन घ्यावा, जमलं तर लग्नसुद्धा उरकून घ्यावं.” सावकाश हसायचा. चिडणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

खाण डोंगरावर होती. खडीने भरलेले डंपर लांबलचक उतार उतरून खाली नव्या रस्त्याच्या कामावर जायचे. उताराच्या पायथ्याशी रस्ता एकदम उजवीकडे वळायचा, आणि नेमक्या त्या वळणावर दुकानांची रांग, बसचा थांबा आणि झाडू विकणाऱ्या बाईचं खोपट. वर येताना गाडी रिकामी, खाली जाताना भरलेली. म्हणजे सगळी भिस्त ब्रेकवर.

ही नोकरी त्याला मेहुण्याने लावून दिली होती. बायकोचा मोठा भाऊ खाणीच्या गॅरेजमध्ये मुख्य मिस्त्री होता. आधीची कंपनी बुडाल्यावर सावकाश बरेच दिवस घरात हात चोळत बसला होता. मिस्त्रीने मॅनेजरकडे शब्द टाकला आणि नोकरीबरोबर गॅरेजच्या मागे दोन खोल्याही मिळाल्या, मिस्त्रीच्या खोल्यांना अगदी खेटून. मधली भिंत एवढी पातळ की पलीकडे मिस्त्री शिंकला की अलीकडून बहीण ओरडायची, “दादा, वाफ घे रे!” भावंडांचं असं भिंतीतून चाललेलं असायचं. सावकाशला ते आवडायचं. म्हातारपणी माणसाला आणखी काय हवं, असं तो स्वतःशी म्हणायचा.

खाणीवरच्या सगळ्याच गाड्या थकल्या होत्या, पण एक डंपर सगळ्यांत जुना. त्याला ‘म्हातारी’ म्हणत. सुरू होताना खोकायची, चढावर धापा टाकायची. आणि हल्ली तिचे ब्रेक गेले होते. पुरते गेले असते तर बरं झालं असतं, गाडी उभी तरी राहिली असती. ते अर्धे गेले होते. यार्डात सपाटीवर पाय दिला की ती शहाण्यासारखी थांबायची. बघणाऱ्याला वाटायचं, काय वाईट आहे हिच्यात? पण हौदा भरलेला असला, उतारावर दोन-चारदा ब्रेक मारावा लागला आणि चाकं तापली, की मग पाय कितीही दाबा, गाडी आपली पुढेच सरकत राहायची. केबिनमध्ये जळका वास भरायचा.

सावकाशने पहिल्यांदा मिस्त्रीला सांगितलं तेव्हा मिस्त्री दुसऱ्या गाडीखाली झोपलेला होता. नुसते पाय दिसत होते.

“मिस्त्री, म्हातारीच्या ब्रेकला नवे लायनर लागतील. ऐकत नाही ती.”

“घट्ट करून देतो,” पाय म्हणाले.

“मागच्या वेळीही घट्टच केलेत. आता आत घट्ट करायला काही उरलंय का?”

मिस्त्री सरकत बाहेर आला. तोंडाला काळं लागलेलं, डोळ्यांत झोप नाही. “दाजी, सामान मागून मागून माझी जीभ झिजली. लायनर काय मी घरून आणू? या गाडीचं काढतो, त्या गाडीला लावतो. त्या गाडीचं काढतो, हिला लावतो. नुसती इकडची टोपी तिकडे चाललीय. थोडे दिवस चालवून घ्या.”

थोडे दिवस चालवून घेतली. मग पुन्हा सांगितलं. मग पुन्हा. प्रत्येक वेळी मिस्त्री म्हणायचा, “बघतो,” आणि दोघांनाही माहीत असायचं की बघण्यासारखं काही उरलेलं नाही. शेवटी सावकाश मिस्त्रीला सांगूनच मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. चोरून जाणं त्याला पटलं नाही.

मॅनेजर अंगावर येणारा माणूस नव्हता. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं.

“बरं झालं कानावर घातलंत. करू या आपण काहीतरी. पण काम अडवता येणार नाही, हे तुम्हालाही कळतं. तुम्हाला भीती वाटत असेल तर तुम्ही दुसरी गाडी घ्या. म्हातारी गवईला देतो.”

सावकाशच्या डोळ्यांपुढे ते वळण आलं. गवई चांगला ड्रायव्हर, पण त्याचा पाय जड. गाण्याच्या तालावर गाडी हाणायची सवय.

“नको,” तो म्हणाला. “राहू दे माझ्याकडेच.”

“बघा, तुमच्या मर्जीने,” मॅनेजर हसून म्हणाला.

इथेच त्याने स्वतःला अडकवून घेतलं, आणि हे त्याला कळायला फार दिवस लागले नाहीत.

रोज सकाळी तो म्हातारीवर चढायचा. उतार सुरू होण्याआधीच गाडी सगळ्यात खालच्या गिअरमध्ये टाकायची आणि इंजिनच्या जोरावर तिला अडवून धरायची. ब्रेकला शक्यतो हात लावायचा नाही, म्हणजे पाय. तो पाय राखून ठेवायचा शेवटच्या वळणासाठी. मागे हॉर्नचा गोंगाट, शिव्यांचा पाऊस. हा पुढे बघत, जीव मुठीत धरून, माणसाच्या चालीने ती एवढी थोरली गाडी खाली आणायचा. वळण पार झालं की पाठीला चिकटलेला शर्ट सुटा करायचा आणि तेव्हा कुठे श्वास सोडायचा. मग रिकामी करून पुन्हा वर. पुन्हा तेच.

एकदा मालक खाणीवर आला. सावकाश टायरमधली हवा बघत बसला होता, गाडीच्या पलीकडे. मालकाने विचारलं, “ही जुनी गाडी अजून चालते?” मॅनेजर म्हणाला, “चालते म्हणजे? पळते. रोज भरून जाते, एक तक्रार नाही.”

सावकाशच्या हातातला गेज तसाच राहिला. आपण ही गाडी नीट चालवतो, तोच तिच्या ब्रेकचा दाखला झालाय, हे त्याला त्या क्षणी लख्ख दिसलं. आपण जेवढी काळजी घेऊ तेवढे तिचे लायनर लांबणीवर पडतील. आणि काळजी घेणं सोडून द्यायचं म्हणजे काय करायचं? एकदा धडकवून दाखवायची?

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

“सरळ वाहन तपासणीच्या ऑफिसात जातो,” तो म्हणाला. “त्यांना येऊन बघू दे.”

तिने आधी भिंतीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “अहो, रोज गाडी ठीक आहे म्हणून सही कोण करतं? दादाच ना? ते आले तर बोट कुणाकडे दाखवतील? मॅनेजरकडे?”

“तुझ्या दादाला सामान देत नाहीत, हे मी सांगेन ना.”

“तुमचं कोण ऐकतंय? आणि ऐकलंच, तर या खोल्या राहतील आपल्याकडे? त्याच्या शब्दावर आलोय आपण इथे.” घडी घातलेला शर्ट तिने मोडला आणि पुन्हा घातला. “मी तुम्हाला जाऊ नका म्हणत नाही. पण मला विचारू नका. तुम्ही खाली गेलात की वर येईपर्यंत माझं कशात लक्ष नसतं. आणि दादाचं वाईट झालेलंही मला बघवणार नाही. मी काय सांगू तुम्हाला?”

तो गेला नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ, करता करता ते घोंगडं भिजत पडलं.

मग त्याची दाढ सुजली. गाल असा टम्म फुगला की हनुवटी कुठे सुरू होते ते कळेना. गवई म्हणाला, “आता शोभतोस बघ. आतापर्यंत नुसता सावकाश होतास, आता वजनदारही झालास.” दाढ काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जाण्याआधी सावकाश मॅनेजरकडे गेला. तोंड उघडत नव्हतं, तरी बजावून सांगितलं, “म्हातारी आज उभी राहू दे. कुणाला देऊ नका.”

“हो हो,” मॅनेजर म्हणाला. “तुम्ही जा, दाढ काढून घ्या.”

दाढेच्या डॉक्टरकडून तो बसने परतला. तोंडात कापूस, अर्धा चेहरा बधिर. बस वळणाच्या अलीकडेच थांबली. पुढे रस्ता बंद आहे, कंडक्टर म्हणाला. सावकाश उतरला आणि गर्दीच्या खांद्यांवरून त्याला म्हातारीचा हौदा दिसला, आडवा. खडी सगळ्या रस्त्यावर पसरलेली. झाडूवालीचं खोपट कुठे दिसतच नव्हतं. झाडूवाली स्वतः रस्त्याच्या कडेला पाण्याची कळशी घेऊन उभी होती. पाणी आणायला गेली म्हणून वाचली. ती कळशी खाली ठेवायला विसरली होती, आणि कुणी तिला सांगतही नव्हतं.

गवईला तोवर नेलं होतं. बस थांब्यावरची माणसं सांगत होती, ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर वाकून ओरडत होता, बाजूला व्हा, बाजूला व्हा. माणसं पळाली. त्याने गाडी खोपटाच्या मागच्या दगडी बांधावर घातली, नाहीतर ती थेट थांब्यावर आली असती.

इस्पितळात गवईचा एक पाय गुडघ्याच्या वर संपला होता. चादर तिथून पुढे सपाट होती. सावकाशला तिकडे बघवेना आणि दुसरीकडे कुठे बघावं ते कळेना.

“सावकाशच उतरत होतो रे,” गवई म्हणाला. “आईशप्पथ. गाणंसुद्धा म्हटलं नाही. तुझ्यासारखाच खालच्या गिअरमध्ये होतो. मध्येच गिअर निसटला. ब्रेकवर उभा राहिलो अक्षरशः. काही नाही.” मग म्हणाला, “तुला जमायचं ते. मला नाही जमलं.”

सावकाशने त्याच्यासाठी आणलेली फळं तशीच हातात धरून ठेवली होती. ‘तुला जमायचं’ हे शब्द घेऊन तो बाहेर आला. शिवी दिली असती तर सोसली असती.

कंपनीने दुसऱ्याच दिवसापासून ठरवून टाकलं होतं की गवई गाडी जोरात हाणत होता. त्याची ख्याती तशी होतीच. वाहन तपासणीच्या बाई चौकशीला येणार म्हटल्यावर मॅनेजरने सावकाशला बोलावलं.

“तुम्ही एवढंच सांगायचं. मी ही गाडी रोज चालवत होतो आणि मला कधी अपघात झाला नाही. यात एक तरी अक्षर खोटं आहे का? सांगा.”

नव्हतं. हीच तर मेख होती.

त्या संध्याकाळी नळावर मिस्त्री भेटला. बादली भरून वाहत होती, तरी नळ बंद करायचं त्याला सुचत नव्हतं.

“दाजी, मी तुमच्या पाया पडायचा बाकी आहे,” तो म्हणाला. “तुम्ही ब्रेक नव्हते म्हणालात की मी संपलो. सही माझी आहे.”

“मग तुम्हीच सांगा ना, सामान देत नव्हते म्हणून. दोघं मिळून सांगू.”

“आणि नंतर? या वयात मला कोण ठेवून घेणार? तुम्हाला कोण ठेवणार?” मिस्त्रीने नळ बंद केला. “माझ्या बहिणीला घेऊन कुठे जाणार आहात तुम्ही?”

चौकशी मॅनेजरच्या केबिनमध्ये झाली. बाई मध्यम वयाच्या, मितभाषी. येण्याआधी त्यांनी मोडलेली म्हातारी खालून-वरून बघून घेतली होती, कोपराला ग्रीस लागलेलं दिसत होतं. त्यांनी विचारलं, “ब्रेक कसे होते?”

मॅनेजर खिडकीबाहेर बघत होता. मिस्त्री जमिनीकडे. सावकाशने जिभेने गाल चाचपला. काढलेल्या दाढेची जागा अजून ठणकत होती.

“नव्हते,” तो म्हणाला. “मी गिअरवर उतरवायचो.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“माहीत असूनही रोज भरलेली गाडी त्या वळणावरून नेलीत. नाही म्हणता आलं असतं.”

“आलं असतं बाई. मग दुसऱ्याला दिली असती.”

“शेवटी दुसऱ्यालाच दिली ना?”

बाईंनी ते टोचून विचारलं नव्हतं, साधं विचारलं होतं, म्हणून जास्त लागलं.

“कुणाला सांगितलं होतंत?”

“मिस्त्रींना. आणि मॅनेजर साहेबांना. कितीदा तरी.”

“मला काही आठवत नाही,” मॅनेजर म्हणाला.

बाई मिस्त्रीकडे वळल्या. “ठीक आहे म्हणून सही तुमची. सामान मागितलं होतंत?”

मिस्त्रीने तोंड उघडलं. सावकाश त्याच्याकडे बघत राहिला, जसं उतारावर वळणाकडे बघायचा तसं. मिस्त्रीने मॅनेजरकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “आठवत नाही.”

पुढे जे झालं ते असं. गवईवरचा ठपका पुसला गेला, पाय मात्र गेला तो गेलाच. म्हातारी भंगारात गेली. कंपनीला दंड झाला आणि काही गाड्यांना घाईघाईने नवे लायनर बसले. मिस्त्रीचं मुख्यपद काढून घेतलं आणि त्याच्याच हाताखाली शिकलेल्याला त्याच्या डोक्यावर बसवलं. सावकाशचं लायसन्स अडकवून ठेवलं, कारण धोक्याची गाडी त्याने जाणूनबुजून चालवली होती. कंपनीने त्याला काढलं नाही. चौकशी ताजी असताना काढला असता तर बोभाटा झाला असता. त्याला फाटकावर बसवलं. खोल्याही राहिल्या. म्हणजे ज्या ज्या गोष्टीची धास्ती घेतली होती त्यातलं काहीच गेलं नाही, आणि तरी रोज सकाळी उठून त्याला वाटायचं, इथून सुटायला हवं.

कुठे सुटणार? लायसन्सशिवाय ड्रायव्हर म्हणजे काय, हे त्याला फाटकावरच्या पत्र्याच्या टपरीत बसून कळत होतं. गाडी आली की आडवा बांबू वर, गेली की खाली. ड्रायव्हर पूर्वी ज्याला शिव्या घालायचे त्याला आता मान लववून जायचे, आणि ते त्याला जास्त जड जायचं. गाडी निघताना ब्रेक सोडल्याचा फुस्स आवाज यायचा. कुठल्या गाडीचा आवाज नीट नाही ते त्याला बसल्या जागी कळायचं. तो मॅनेजरला सांगायचा. मॅनेजर म्हणायचा, “आता तुम्ही फाटक बघा.”

घरात भिंत मुकी झाली होती. मिस्त्री पलीकडे खोकायचा, बायको अलीकडे हातातलं काम थांबवायची आणि काही न बोलता पुन्हा सुरू करायची. ती भावाकडे जाऊन यायची. नवऱ्यालाही वेळेवर जेवायला वाढायची. पण दोन्हीकडे पाहुण्यासारखी वागायची. एकदा सावकाशने विचारलं, “माझं चुकलं असं वाटतं का तुला?” ती म्हणाली, “नाही. म्हणून तर जास्त त्रास होतो.”

दंडाची आठवण विरत गेली तसं सामान पुन्हा यायचं थांबलं. नवे बसवलेले लायनरही झिजायला आले. यार्डात पुन्हा ‘चालवून घ्या’ ऐकू येऊ लागलं.

एका सकाळी पैलवान नावाचा ड्रायव्हर भरलेली गाडी घेऊन फाटकाशी आला. नावाचाच पैलवान, हाडं मोजून घ्यावीत असा. त्याने इंजिन चालू ठेवून डोकं बाहेर काढलं.

“सावकाश, ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढतेय. आत सांगितलं तर म्हणतात, आजचा दिवस ने. काय करू?”

सावकाशने बांबूच्या दोरीला हात घातला होता. त्याने तो काढून घेतला.

“खाली उतर,” तो म्हणाला.

“आणि गाडी?”

“राहू दे तिथेच.”

पैलवान उतरला. मागून दुसरी गाडी आली, तिसरी आली, हॉर्न सुरू झाले. मॅनेजर केबिनमधून तरातरा आला. “बांबू वर करा!” सावकाश टपरीतून बाहेर आला आणि बांबूला टेकून उभा राहिला. त्याला वाटलं, झालं, आज खोल्या गेल्या. बायकोला काय सांगायचं याची जुळवाजुळव तो मनात करू लागला, तेवढ्यात हॉर्नच्या गदारोळातून कुणीतरी चालत येताना दिसलं. मिस्त्री होता. हातात पान्ह्यांची पेटी. नव्या मुख्य मिस्त्रीने त्याला पाठवलं नव्हतं, तो मागून ओरडत होता, “अहो, कुठे निघालात?”

मिस्त्रीने सावकाशकडे पाहिलं नाही. मॅनेजरकडेही नाही. पेटी ठेवली, चाकाला दगड लावला आणि पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. पुन्हा नुसते पाय. मॅनेजर बोलत राहिला. पान्ह्याची टकटक होत राहिली. मग खालून आवाज आला, चांगला खणखणीत, रांगेतल्या शेवटच्या गाडीपर्यंत पोचेल असा.

“डावीकडचे बरे आहेत, उजवीकडचे लायनर साफ संपलेत. रिवेट ड्रमला घासतायत, लोखंडाला लोखंड. ही गाडी जाणार नाही. मी सही करत नाही.”

कुणीतरी हॉर्न वाजवायचं थांबवलं. मग बाकीच्यांनीही. पैलवान रस्त्याच्या कडेला जाऊन बसला, आणि मागच्या गाडीचा ड्रायव्हरही इंजिन बंद करून त्याच्या शेजारी येऊन बसला. मॅनेजरने दोघा-तिघांना नावानिशी हाका मारल्या. कुणी उठलं नाही. “सगळ्यांना बघून घेतो,” असं म्हणून तो फोन लावायला आत गेला. तो कुणाला लावणार होता आणि उद्या काय होणार होतं, ते तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी सावकाश घरी आला तेव्हा बायको दारातच उभी होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती.

“दादा आला होता म्हणे फाटकावर.”

“आला होता.”

“बोलला तुमच्याशी?”

सावकाशने चपला काढल्या, भिंतीशी नीट लावून ठेवल्या.

“बोलला.”

“काय म्हणाला?”

“लायनर संपलेत म्हणाला.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते तिचं तिलाही कळलं नाही.